आज पोपट ओरडले का?

भवानी पेठेतल्या त्या आठ खोल्यांच्या ओळीत सगळ्यांत आधी जाग येई ती सिद्राममामांच्या पोपटांना, आणि ती आल्याचं सगळ्यांत शेवटी कळे ते सिद्राममामांना. एकतीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस. कान मागावरच राहिले. समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून त्यांना समजे. पण चिरका आवाज म्हणाल, तर कानाशी शिट्टी फुंका, मामा आपले निवांत चहा पीत बसतील.

अशा माणसाला बायको गेल्यावर सोबत म्हणून लेकीनं, प्रियंकानं, काय आणून द्यावं? पोपट. तेही दोन, पिवळ्या तुऱ्याचे, कॉकाटील जातीचे. "घरात कुणीतरी बोलणारं पायजे की, आप्पा," असं म्हणून ती माढ्याला सासरी निघून गेली. तिच्या अकलेला हात जोडावेत. पण गंमत बाजूला ठेवली तर मामांचा त्या दोघांवर फार जीव जडला होता. संध्याकाळी ते खांद्यावर बसून कानाची पाळी कुरतडत, तेव्हा आपल्या निकामी कानांचाही कुणाला तरी उपयोग आहे असं त्यांना वाटे.

शेजारच्या सोमलिंगचं म्हणणं वेगळं होतं. टॉवेलच्या कारखान्यातली दुसरी पाळी उरकून तो उशिरा घरी येई, आणि साडेपाचला भिंतीपलीकडून किंचाळ्या सुरू होत. दोनदा त्यानं मामांना सांगितलं, तिसऱ्यांदा खोलीमालक बापूसाहेबांना. बापूसाहेब दारात उभे राहिले आणि ओठ मोठमोठे हलवत म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो. सोमलिंगनं परत आवाज हाय म्हटलं, तर पोपट जातील. न्हायतर तुमी दुसरी खोली बघा."

 त्या दिवसापासून दिवेलागणीलाच मामा पिंजऱ्यावर जाड चादर टाकू लागले, उजाडलेलं पोपटांना कळू नये म्हणून. चादर टाकली की वाटे, या उकाड्यात गुदमरतील. कोपरा वर केला की वाटे, उजेड शिरला. थरथरणारा फोन उशीखाली ठेवून ते पाचलाच उठत आणि भिजवलेले हरभरे, राळे, कोथिंबिरीच्या काड्या वाटीत तयार ठेवत. साडेपाचला चादर काढावी तर दोघांचे तुरे ताठ, चोची उघड्या, गळे फुगलेले. मामा धांदलीनं वाटी आत सरकवत, आणि दोघं खायला लागत. चला, एक पहाट निभावली.

निभावली की नाही, हे मात्र दुसऱ्याकडूनच कळायचं. सात वाजता सोमलिंगची बायको पार्वतम्मा नळावर आली की मामा तिच्यासमोर जाऊन उभे राहत.

"वरडले का गं आज?"

"न्हाय वो मामा. कायबी न्हाय."

असं सलग पाच दिवस झालं. तरी धाकधूक जाईना. चोची तर उघड्या दिसत होत्या. मग त्यांतून निघत काय होतं?

शनिवारी सकाळी दूध आणायला निघालेल्या मामांना गल्लीच्या तोंडाशी सोमलिंग भेटला. काखेत गुंडाळलेली सतरंजी, डोळे लाल. तो घरून निघालेला नव्हता, घरी चालला होता. कुठून आलास, असं विचारल्यावर तो चाचरला, मग कोपऱ्यावरच्या देवळाकडे बोट दाखवून म्हणाला, "मंडपात वारं लागतंय, म्हणून तितं झोपतो." मामा दूध न घेताच माघारी फिरले आणि त्यांनी पार्वतम्माचं दार गाठलं.

"कवापास्नं झोपतोय त्यो तितं?"

आत पडलेल्या नवऱ्याकडे बघून तिनं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "सोमवारपास्नं. वरडत्यात की मामा, लई वरडत्यात. पर हे म्हणाले, मी झोप मागितली हुती, म्हाताऱ्या माणसाची खोली न्हाय. मलाबी काय सांगू नको म्हणाले."

मामा तिथंच उंबऱ्यावर बसले. शरमेनं त्यांना मान वर करवेना. पाळीभर उभा राहून आलेला माणूस आपल्या पाखरांपायी परक्या फरशीवर झोपत होता, आणि त्याच्या बायकोला आपण रोज सकाळी खोटं बोलायला लावत होतो.

रविवारी बापूसाहेब आले. सोमलिंग म्हणाला, "आता काय तरास न्हाय."

"खोटं बोलतोय त्यो," मामा म्हणाले. "वरडत्यात. मला ऐकू येत न्हाय, एवढंच." बोलून झाल्यावर मात्र ते पिंजऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. आता पोपट जाणार.

बापूसाहेब दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. तक्रारवाला म्हणतो आवाज नाही, पोपटवाला म्हणतो आहे. "अजून म्हैनाभर बघू," असं पुटपुटत ते निघून गेले.

मग पार्वतम्मा मामांसमोर येऊन म्हणाली, "वरडले की तुमी वाटी देताय, म्हणून त्ये वरडत्यात. गप झाल्यावर द्या की."

"गप झाले त्ये मला कसं कळावं?"

 चोच बघून कळण्यातलं नव्हतं ते. दोन किंचाळ्यांच्या मधेही चोच मिटतेच.

सोमवारी साडेपाचला दार ढकलून सोमलिंग आत आला आणि पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसला. त्यानं उजवा पंजा वर धरला. मागांच्या खडखडाटात कामगार हातांनीच बोलतात, आणि वर धरलेला पंजा म्हणजे थांब. मामांना समजवावं लागलं नाही. वाटी घेऊन ते त्या पंजाकडे बघत उभे राहिले. चोची मिटल्या, पंजा वरच. पुन्हा उघडल्या. पार्वतम्मानं आणून ठेवलेला चहा निवून गेला.  सव्वासहाला पंजा हळूहळू खाली आला. "आता?" मामांनी नुसत्या ओठांनी विचारलं. सोमलिंगनं मान डोलावली, आणि त्यांनी वाटी आत सरकवली.

वळून बघतात तर सोमलिंग भिंतीला टेकून बसल्या जागी झोपला होता. मामा त्याच्यासमोर जमिनीवर बसले. पोपटांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर सोमलिंगच्या मिटलेल्या पापण्यांवर होती. त्या हलल्या, की समजायचं, ओरडले.