साडूभाऊंची खूण

माझ्या साडूभाऊंनी मला आजवर जेवढे धक्के दिले, तेवढे आमच्या तालुक्यातल्या सगळ्या उघड्या तारांनी मिळूनही कुणाला दिले नसतील. आणि धक्का देऊन झाल्यावर हा गृहस्थ माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की बिघाड जणू माझ्यातच आहे! तीस वर्षं पेंटरकी केलेला माणूस. नवीन जालन्यातल्या बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या, रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवलेली कपाशीची बोंडं, शहागडच्या ढाब्यांवर थांबणाऱ्या ट्रकांच्या पाठीवरचे वाघ आणि मोर, सगळं यांच्या हातचं. हातात पट्टी न्हाई, कंपास न्हाई. मोजायचं ते वितीनं आणि बोटांनी, गोल काढायचा तो खिळा आणि सुतळीनं. पण गोल असा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

पहिला धक्का बसला तो माझ्याच लग्नात. अंतरपाट धरलेला, भटजींचा आवाज टिपेला पोचलेला, आणि माझ्या फेट्यावर टप्पकन काहीतरी पडलं. मला वाटलं, कुणीतरी घाईनं अक्षता टाकल्या. बोट लावून बघतो तर निळा ऑइलपेंट! मान वळवली, तर मागं शिडी, आणि शिडीवर ब्रश घेऊन माझे होणारे साडूभाऊ. मांडवातल्या फळीवर माझं नाव पांढऱ्यावर पिवळ्यानं काढलेलं होतं, ते लांबून दिसत न्हाई म्हणून त्याला निळी किनार देणं चाललं होतं. सासरे खालून दातओठ खात होते, "जावईबापू, उतरा, उतरा आधी." वरून शांतपणे उत्तर आलं, "मामा, दोन मिन्टं. लग्न तर लागंल, पण कुणाचं लागलं ते लोकाला कळाया नको का?" लग्नाच्या एकूणएक फोटोत माझ्या फेट्यावर निळा ठिपका आहे. बायकोला तो आवडतो. दाजींविरुद्ध एक शब्द ती ऐकून घेत न्हाई.

एकदा आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून शहागडहून परत येत होतो. समोरून एक ट्रक गेला आणि हे मागून माझ्या खांद्यावर थापा मारायला लागले, "वळवा, वळवा, जल्दी!" मला वाटलं, कुणी ओळखीचा अपघातात सापडला. घाबऱ्या घाबऱ्या गाडी वळवली, हॉर्न वाजवत ट्रकच्या मागं सुसाट निघालो. ड्रायव्हरला वाटलं लुटारू आले, त्यानं ट्रक आणखी पळवला. शेवटी गोदावरीच्या पुलाअलीकडं त्याला गाठला. साडूभाऊ उतरले, ट्रकच्या मागं गेले, कमरेवर हात ठेवून उभे राह्यले आणि त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला म्हणाले, "ह्यो वाघ माझाय. बारा वर्षांखाली काढल्ता. ह्याच्या मिशा कुणी पुसल्या?" ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी नदीकडं बघितलं. हे तेवढ्यात पिशवीतून ब्रश काढून मिशा रंगवायला बसले सुद्धा! पिशवीत ब्रश कायम असतो. पाहुण्यांकडं जाताना कपडे विसरतील, ब्रश न्हाई.

पुढं फ्लेक्स आला. छापून, गुंडाळून, तासाभरात दुकानावर टांगलेला. भिंती हळूहळू यांच्या हातून गेल्या. सहा वर्षं या माणसाला कुणी एक पाटी सांगितली न्हाई. ते तक्रार करत नव्हते, पण आमच्याकडं आले की जेवताना ताटातल्या आमटीत बोट बुडवून ताटाच्या काठावर अक्षरं काढत बसायचे, ते मात्र मला बघवत नसे.

आता मुख्य गोष्ट. अंकुशनगरला, उसाच्या गाड्या वळतात त्या कोपऱ्यावरच्या जुन्या गोदामात आमचा एक कलामंच आहे. मी शाळामास्तर, तिथला सचिव. आमच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. ऊसतोडीवर आलेल्यांची पोरं, गावातल्या बायका, शेतकरी, मेंढपाळ, ज्याला गायचं, वाजवायचं, नाटक करायचं तो येतो. पण मंचाचा खरा कणा म्हणजे आबा. सत्तरीचे धनगर, वडिलांच्या हातचा ढोल. आबांनी ढोलावर थाप मारून ओवी उचलली की गोदामाचे पत्रे थरथरतात. त्यांच्यासोबत त्यांच्या भावकीतले सहा-सात गडी. आबा नसतील तर आमचा मंच म्हणजे रिकामं गोदामच, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

एके वर्षी पैशांची मदत करणाऱ्या एका बाहेरगावच्या संस्थेचं पत्र आलं, की त्यांची माणसं आमचं काम बघायला येणार, आणि मंचाला स्वतःचं असं ओळखचिन्ह हवं. ठरलेलं चिन्ह, ठरलेला रंग, ठरलेलं अक्षरवळण, सगळीकडं एकसारखं. मी नवीन जालन्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडं गेलो. त्यानं चहा येईपर्यंत वीणा, मोर आणि मुखवटा एकमेकांत अडकवून दिले. तोच मोर मी परत येताना एका साडी सेंटरवर बघितला. घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो, तर बायको म्हणाली, "घरात दाजी असताना बाहेर कशाला हिंडताय?" मला फेट्यावरचा निळा ठिपका आठवला. पण आमच्या घरात तिच्यापुढं माझं काय चालतं?

साडूभाऊ आले आणि तीन आठवडे त्यांनी एक रेघ काढली न्हाई. नुसते गोदामात बसून राह्यचे. पोरांची नाटकं बघायचे, बायकांच्या मागं कोपऱ्यात मांडी घालून गाणी ऐकायचे. मी रोज विचारायचो, "काही सुचलं का?" तर म्हणायचे, "साडूभाऊ, चिन्ह सुचत नसतं, सापडत असतं. ज्याला वाचता येत न्हाई त्यालाबी लांबून कळलं पाह्यजे, का हे आपलं हाय. बिलकुल घाई करू नका." पाहुणे यायला दहा दिवस उरले, तेव्हा माझी झोप उडाली होती आणि हे त्यांच्या भावाच्या शेतात मेंढरं बसवली होती ती बघायला गेल्ते! खतासाठी कुठला तरी कळप चार दिवस पडीक रानात बसवला होता, तर हे बांधावर बसून दिवसभर मेंढरं बघत होते. मी फोनवर ओरडलो. ते म्हणाले, "सापडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात पाऊल ठेवलं आणि जागच्या जागी खिळलो. दारावर, भिंतींवर, खुर्च्यांच्या पाठीवर, पेटीच्या खोक्यावर, पाण्याच्या माठावर, एकाच लाल रंगात एकच चिन्ह! अर्धा गोल, त्याच्या पोटात एक टिंब आणि खाली दोन आडव्या रेघा. अध्यक्षबाई आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवून आत गेल्या, परत आल्या तर छत्रीवर चिन्ह. बाहेर माझी स्कूटर, तिच्यावर चिन्ह. मी तोंड उघडलं ते भांडायलाच, पण खरं सांगतो, बघतच राह्यलो. इतकं देखणं होतं ते! पोरांना त्यात उगवता सूर्य दिसला, बायकांना कुंकवाचा करंडा, बाईंना रंगमंच. मला ढोल दिसला. साडूभाऊ दारात उभे होते, कोपरापर्यंत लाल. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना असं हसताना बघितलं. म्हणाले, "आता मेलो तरी चालंल. बराबर जमलं." माझे डोळे भरून आले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं न्हाई.

त्यानंतर तीन दिवस आबा आले न्हाईत. त्यांचे गडीही न्हाईत. आम्हाला वाटलं, आजारी असतील. चौथ्या दिवशी मी शहागडच्या बाजारात भाजी घेत होतो, तर डोक्याला पागोटं बांधलेला एक तरणा गडी माझ्या स्कूटरपाशी घुटमळत होता. मला बघून रामराम घातला आणि विचारलं, "पाव्हणं, तुमी आमच्या कोणत्या नात्यातले?"

मी म्हटलं, "का हो?"

"न्हाई, गाडीवर आमच्या घरची खूण हाय म्हणून विचारलं. आमच्या मेंढरावर असती ना, तीच. आमच्या चुलत्याची गाडी हाय का ही?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. धनगरांत प्रत्येक घराची मेंढरावर घालायची खूण वेगळी असते. दोन कळप मिसळले तर त्या खुणेवरून आपापली मेंढरं निवडून घेतात. कुणी दुसऱ्याची खूण वापरत न्हाई, वापरणं म्हणजे चोरीच. आणि आमच्या साडूभाऊंनी, ज्यांना मैलभरावरून भिंत बघून कुठल्या कंपनीचं बियाणं ते सांगता येतं, त्यांनी मेंढराच्या पाठीवरची पाटी मात्र नुसता रंगाचा पट्टा समजून उचलली! मी भीत भीत त्या गड्याचं घर कुठलं ते विचारलं. त्यानं सांगितलं आणि माझ्या हातातली मेथी खाली पडली. हे तेच घर, ज्यांच्याशी आबांच्या घराचं वडिलांच्या काळापासून हाडवैर. एकदा मेंढरं मिसळली होती, निवडताना भांडण झालं होतं, तेव्हापासून एकमेकांच्या दारचं पाणी पीत न्हाईत. आणि आबांचा ढोल गोदामातच ठेवलेला असतो. त्यावरही साडूभाऊंनी हौसेनं खूण काढली होती.

मी तसाच साडूभाऊंकडं गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे उसळणार. लग्नात सासऱ्याचं ऐकलं न्हाई, ट्रकवाल्याला सोडला न्हाई, तो माणूस सहा वर्षांनी हाताला आलेलं चिन्ह सोडेल होय? मी मनात शब्द जुळवून ठेवले होते, की तेवढं ढोलावरचं पुसा, बाकीचं राहू द्या, पाहुण्यांना काय कळतंय! त्यांनी मला बोलूच दिलं न्हाई. रॉकेलची बाटली, पत्र्याची खरवडणी आणि चिंध्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, "चला आबाकडं."

आबा ओसरीवर बसले होते, गड्यांनी गोदामातून उचलून आणलेला ढोल शेजारी घोंगडीखाली झाकलेला. साडूभाऊंनी हात जोडले. "आबा, चुकी झाली. मला म्हाईत नव्हतं." आबांनी घोंगडी बाजूला केली. साडूभाऊ ढोलापुढं मांडी घालून बसले आणि त्याच्या लाकडी अंगावरचा रंग खरवडायला लागले. चामड्याला रॉकेल लागू नये म्हणून बोटाबोटानं, चिंधीच्या टोकानं. दीड-दोन तास लागले. आबा सगळं बघत होते. शेवटची रेघ उरली तेव्हा म्हणाले, "पेंटर, खूण लई नामी काढल्ती तुमी. त्यान्ला सोताला मेंढरावर अशी काढता येत न्हाई. म्हणून तर जास्त लागलं मला." साडूभाऊंचा हात एकदा थांबला. मग त्यांनी ती रेघही खरवडली.

नंतरचे दोन दिवस ते एकटेच गोदामात खुणा पुसत राबले. दार, भिंती, खुर्च्या, माठ, छत्री, माझी गाडी. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तुमी नका. माझं मी काढतो." माणूस एवढा गप्प असू शकतो, याचा मला जो हादरा बसला, तसा त्यांनी आधी कधी दिला नव्हता. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटत राह्यलं.

पाहुण्यांच्या दिवशी आबा आले, गडी आले. ओवी अशी झाली, की पाहुणी माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राह्यली. चिन्हाचं विचारलं, तेव्हा बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी साडूभाऊंकडं. ते मागं भिंतीला टेकून आबांकडं बघत होते. मी पाहुण्यांना सांगितलं, "काम चालू आहे." मदत मिळाली. दरवर्षी त्या संस्थेला एक कागद भरून पाठवावा लागतो, त्यात ओळखचिन्हासाठी एक चौकट असते.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मध्ये मी एकदा साडूभाऊंना म्हटलं, "दुसरं काढा ना एखादं. घाई न्हाई." त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. "काढाया बसलो की तेच येतंय, साडूभाऊ. एकदा बराबर जमलं, की मंग दुसरं हाताला येत न्हाई." तेव्हापासून मी विचारत न्हाई. कागद भरताना त्या चौकटीत मी दरवर्षी लिहितो, 'काम चालू आहे.' हे खोटं आहे, हे मला, बाईंना आणि त्यांना, तिघांनाही ठाऊक आहे. तरी कागद पाकिटात घालायच्या आधी ते येतात, चष्मा विसरला म्हणून मला ती ओळ वाचून दाखवायला लावतात, क्षणभर ऐकतात आणि म्हणतात, "बराबर हाय. पाठवा."