सशांची पंगत

परवा धाराशिवला तपासणीला गेले तर डॉक्टर म्हणाले, आजी, कोलेस्टेरॉल वाढलंय. मी म्हटलं, ही बया माझ्या जुन्या ओळखीची आहे... आमच्या गोठ्यात राहून गेलीय. डॉक्टर बघतच राहिले.

साठ सालानंतरची गोष्ट. माझे धाकटे दीर विनायकभाऊजी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात शिकायचे. सुट्टीत तिकडं त्यांच्या प्रयोगाचे ससे बघायला कुणी नव्हतं, म्हणून एसटीच्या टपावर पिंजरे टाकून ससेच घेऊन आले.

सशांना रोज तुपात कालवलेला भरडा द्यायचा, म्हणजे रक्तात चरबी वाढते. मग अर्ध्या सशांना आवळ्याचा रस पाजायचा, अर्ध्यांना नुसतं पाणी... आणि शेवटी रक्त तपासून बघायचं, रसानं चरबी उतरते का. काहीच कळलं न्हाय तर भाऊजींची सगळी मेहनत वाया, आणि पुढच्या शिक्षणाची वाटही बंद.

रस काढायचं काम माझ्याकडं. आवळे किसायचे, फडक्यातनं पिळायचे, मग भाऊजी काचेच्या पिचकारीनं तो सशांच्या तोंडात सोडायचे. मी रोज विचारायची, "उतरली का हो चरबी?" ते म्हणायचे, "वहिनी, वरनं दिसत न्हाय ती." तरी मी एकेका सशाचं पोट चाचपून बघायची...

एके दुपारी गोठ्यात गेले, तर आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई वाटी-चमचा घेऊन बसलेल्या. पाण्यावरच्या सशांना मायेनं रस पाजत होत्या. मी भाऊजींना हाक मारली. त्यांचं तोंडच उतरलं.

"आई, अगं ह्यांना द्यायचा नसतो. कधीपासनं देतेस?"

"तू आणलेस तवापासनं. एका ओळीत बसवायचं, एकाला रस नि शेजारच्याला पाणी... असला पंक्तिप्रपंच माझ्या घरात चालायचा न्हाय."

भाऊजींनी लई समजावलं. आत्याबाईंचं एकच, "मुकं जनावर शेजारच्याच्या तोंडाकडं बघत बसतंय रे." भाऊजी डोकं धरून बसले. सुट्टी बरीच बाकी होती, पहिल्यापासनं सुरुवात करता आली असती... पण आत्याबाईंचा हात कोण धरणार?

मी म्हटलं, "सोपं आहे भाऊजी. पाण्यावरचे ससे मागच्या पडवीत न्या. पंगतच वेगळी केली की पंक्तिप्रपंच होत न्हाय."

आत्याबाईंनी विचारलं, "हे कुठनं सुचलं गं तुला?"

"तिथंच तर जेवते मी, मालक वारल्यापासनं. तुमचं सगळ्यांचं झाल्यावर..." मी हसतच म्हटलं. "सशांना सोबत होईल माझी."

मला चेष्टाच करायची होती. पण आत्याबाईंनी हातातला वाटी-चमचा खाली ठेवला. भाऊजी उगंच पिंजऱ्याची कडी काढत-लावत बसले.

पाण्यावरच्या सशांचे पिंजरे मागं गेले, प्रयोग पहिल्यापासनं सुरू झाला. आत्याबाईंनी पुन्हा वाटी-चमचा काही उचलला न्हाय. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझं ताट घेऊन पडवीकडं निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"तिकडं जागा कुठं हाय आता? ससे हायेत. बस इथं."

आणि स्वतःच्या शेजारी त्यांनी स्वतःच्या हातानं माझा पाट मांडला. भातावर तूप वाढायला लागल्या तर थांबेचनात. मी म्हटलं, "आत्याबाई, आता माझ्या रक्तात चरबी वाढणार."

"वाढू दे," म्हणाल्या. "आवळे हायेत की ढीगभर."

पुढं कॉलेजात रक्त तपासलं. रसवाल्या सशांची चरबी खरंच कमी भरली. थोड्या सशांवरनं माणसांचं काय सांगता येत न्हाय, असं त्यांचे सर म्हणाले, पण भाऊजींची गाडी पुढं सरकली.

ससे गेले, पडवी मोकळी झाली... तरी मला तिकडं जाऊन जेव असं कुणी म्हटलं न्हाय. त्या मुक्या जिवांना माझा अजून नमस्कार.