ग्रुपवरनं उठलेला माणूस

आमच्या भावकीत कॉलेजची पदवी घेणारा मी पहिला. हे मी मिरवून सांगतो, कारण ती मी मिळवलेली आहे, शेतासारखी वाटणीत आलेली नाही. पण पदवीबरोबर भावकीनं एक पदही गळ्यात घातलं. व्हॉट्सॲपचा ग्रुप निघाला तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, "शिकलेला हाय, त्योच चालवू दे." म्हणजे पहाटे गुलाबावर लिहिलेलं सुप्रभात, दुपारी उसाला पाणी कधी सुटणार याची चर्चा, संध्याकाळी कुणाच्या तरी रेड्याचा व्हिडिओ, आणि या सगळ्याला अंगठा दाखवायची जबाबदारी माझी. नाही दाखवला तर लगेच फोन, "बघितलं न्हाईस व्हय?" आज्यानं आयुष्यभर कागदावर अंगठा उठवला, तो अंगठा आमच्या घरातनं जावा म्हणून मला शिकवलं. आणि मी शिकून दिवसभर अंगठेच उठवत बसलो.

राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवतो. शिकवताना माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, पण क्लास सुटला की माझ्यातला बोलणारा माणूसही सुटतो. मला गप्प बसायला आवडतं. कोल्हापुरात हा आजार समजतात. इथं माणूस गप्प बसला तर कारणं दोनच: पोट बिघडलंय, नाहीतर रुसलाय. तिसरं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही.

अशात इंटरनेटवर एक लेख वाचला. अंतर्मुख माणसानं फोनपासून सुटका करून घ्यायची असेल तर काय सवयी लावाव्यात, असा. लेख मला पटला, अजूनही पटतो. फक्त तो लिहिणारा एकटा राहत असावा. खिडकीत एक कुंडी, कुंडीत एक झाड, आणि त्या झाडाला भावकी नसावी.

पहिली सवय, घरी आल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराला दुसरी खोली आहे, पण तिच्यात वडील आहेत. आणि वाजणारा फोन न उचलणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं, असं वडिलांचं मत आहे.

"हालो. व्हय, त्याचाच फोन. हाय की घरात. आजकाल फोन घेत न्हाय त्यो. न्हाय न्हाय, बरा हाय, जेवतोय, झोपतोय. नुसता फोन बघितला की डोस्क्याला तरास होतोय म्हणं."

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी आत्या शहाळी घेऊन आली. तिच्या मागोमाग चुलत वहिनी आली, तिनं न विचारता माझ्यावरनं लिंबू उतरवून टाकलं. "नजर लागलीया शिकलेल्या माणसाला," ती आईला म्हणाली, मी समोर असताना. फोन लांब ठेवल्यावर मेसेज थांबतात हे खरं. पण आमच्याकडचे मेसेज मग चालत येतात, उंबऱ्याबाहेर चपला काढतात आणि चहा घेऊन जातात.

दुसरी सवय, गरज नसलेल्या ग्रुपमधून बाहेर पडावं. मी पडलो. एका चुलतभावाला ॲडमिन करून रीतसर पडलो. त्या संध्याकाळी गच्चीवर बसलो. खालच्या तालमीत पोरं शड्डू ठोकत होती, लांब कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. बऱ्याच दिवसांनी एक अख्खा विचार माझ्या डोक्यात सुरू झाला आणि मधे कुणी न बोलता डोक्यातच संपला. लेखातलं हे मात्र शंभर टक्के खरं निघालं.

पण आमच्या भावकीत रुसायची एक रीत आहे. रुसलेला माणूस मी रुसलोय असं कधी सांगत नाही. तो जत्रेच्या पंगतीला येत नाही, किंवा आला तर मधनंच उठतो. मग जाणती माणसं बसून त्याचं कारण काढतात. ग्रुप सोडणं म्हणजे भरल्या पंगतीतनं उठणं, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. भावकीच्या मात्र लगेच आलं. कारण काढायला बसले आणि तासाभरात काढलंसुद्धा.

कारण म्हणजे जत्रेतला फोटो. तो काढला होता माझ्या थोरल्या चुलत्यांनी. चुलते कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, वारणानगरलाच राहतात. पोरानं घेऊन दिलेल्या फोनवर त्यांनी काढलेला हा आयुष्यातला पहिला फोटो. त्यात सगळी भावकी दात काढून उभी, आणि कडेला माझा एक कान आणि अर्धा चष्मा. मी तो नीट बघितलाही नव्हता, अंगठा तेवढा दाखवला होता. पण ग्रुपवर निकाल लागला, ॲडमिन झालेल्या चुलतभावानंच तो मला कळवला: शिकलेल्या माणसाला फोटोत कापला, म्हणून उठला.

मला हसू आलं. रविवारपर्यंतच टिकलं ते.

दर रविवारी सकाळी थोरले चुलते एस.टी.नं आमच्याकडे येतात. दोघं भाऊ दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसतात, चहा घेतात, पेपरची पानं वाटून घेतात. बोलत फारसे नाहीत. उन्हं कट्ट्यावर आली की चुलते उठतात, "येतो रं," म्हणतात आणि स्टँडकडं जातात. माझ्या वडिलांना आठवड्यात दुसरा सण नाही.

त्या रविवारी चुलते आले नाहीत. आईनं चहा दोनदा गरम केला. पुढच्या रविवारीही नाहीत. वडील कट्ट्यावर बसून होते. पेपरची आतली पानं, चुलत्यांच्या वाटणीची, शेजारी घडी घालून ठेवलेली.

"त्यास्नी फोन लावू का?" मी विचारलं.

"नगं. त्याला लाज वाटत असंल. म्हातारपणी हौसंनं एक फोटू काढला, त्यो बी अंगाशी आला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझं डोस्कं शांत झालं न्हवं? बास मग."

त्या दुपारीच मी वारणानगरला गेलो. चुलते ओसरीवर बसले होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "या पावणं, बसा."

परक्याला म्हणतात ते पावणं. सख्ख्या पुतण्याला. मला कानाखाली बसली असती तर बरं वाटलं असतं.

"आबा, मी रुसलो नाही."

"रुसलेला असंच म्हणतोय."

"अहो, फोटोत माझा कान आलाय की काय आलंय, मी बघितलंसुद्धा नव्हतं."

"म्हंजे बघितलाबी न्हाईस?" हे तर जास्तच लागलं त्यांना.

आतनं चुलती ओरडली, "खोटं बोलतोय! अंगठा दावलावता की यानं!"

मग मी गणिताचा मास्तर, पायरीपायरीनं मांडलं. दिवसभर बोलून डोकं शिणतं. माणसं नकोत असं नाही, कालवा नको. काही माणसांचा स्वभावच तसा असतो, त्याला अंतर्मुख म्हणतात.

"हे कॉलेजात लागलं?"

"जन्मापासनं आहे."

"आन् औषध?"

"लागत नाही. फोन लांब ठेवायचा, थोडा वेळ गप्प बसायचं."

चुलत्यांनी बराच वेळ मिशीवरनं हात फिरवला. "मग सांगून उठायचं की रं. पंगतीतनं उठणारा बी 'सावकाश हुं द्या' म्हणून उठतोय."

"म्हटलं असतं तर उठू दिलं असतं?"

त्यांनी खरोखर विचार केला. "न्हाय," म्हणाले, आणि हसले. "अजून दोन पळ्या वाढल्या असत्या."

त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि फोटो काढला. या वेळी मी पायातल्या चपलेपासून केसापर्यंत अख्खा आलो, वरच्या कोपऱ्यात चुलत्यांचं बोट आलं. तो ग्रुपवर टाकून त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि शेतातल्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "त्यो रुसलेला न्हाय. त्याला गप बसायचं असतंय. कुणीबी शहाळी न्हिऊ नगासा!" धडाधड अंगठे आले. ते त्यांनी मला एकेक करून दाखवले. ग्रुपवर परत मात्र घेतलं नाही.

रविवारी सकाळी थोरले चुलते आले. कट्ट्यावर दोन कप आले. मी दारात घुटमळत होतो. वडिलांनी पेपरातलं एक पान ओढून काढलं आणि न बघता माझ्याकडं धरलं. मी बसलो. एस.टी.ला गर्दी होती का, असं विचारायला तोंड उघडलं, तर चुलते म्हणाले, "ए, गप. वाचू दे."

तेवढ्यात आत माझा फोन वाजायला लागला. वडिलांचा पाय कट्ट्यावरनं खाली आला. चुलत्यांनी पेपरातनं मान वर न करता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला. फोन वाजत राहिला, आणि आम्ही तिघं वाचत राहिलो.