मोरिता-सानांच्या पिस्तुलाची खंडेनवमी

माझ्या आईने जपानमध्ये पिस्तुलाची नळी पुरली, हे खरं आहे. पण त्यामागचा तिचा हेतू पूर्णपणे धार्मिक होता.

पिस्तूल आमचं नव्हतं आणि खरंही नव्हतं. इथे खरं पिस्तूल सामान्य माणसाला जन्मात बघायला मिळत नाही. म्हणूनच की काय, खेळण्यातलं पिस्तूल इतकं हुबेहूब बनवतात की ते हातात घेतल्यावर आपणच हात वर करावेत. हे होतं माझ्या साहेबांचं, मोरिता-सानांचं. ऑफिसात मोरिता-सान म्हणजे मुकाट्याने कोड तपासणारा, डब्यातला गार भात खाणारा आणि लिफ्टमध्येसुद्धा सगळ्यांत शेवटी शिरणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी मात्र ते टोपीला झाडपाला बांधून रानात प्लॅस्टिकच्या गोळ्यांची लढाई खेळतात. यंदा टीमची सहल तिथेच ठरली आणि मी सौजन्य म्हणून बोलून गेलो, "मलाही यात फार रस आहे." (सौजन्य म्हणून बोललेलं वाक्य इथे करारासारखं पाळतात, हे माझ्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.)

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी एक करड्या रंगाची पेटी दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली.

"केतन-सान, सहलीपर्यंत तुमच्याकडे ठेवा. भाग बदलायचा सराव करा. हे मी आजवर कुणालाच दिलेलं नाही."

पेटी उघडली आणि मी बघतच राहिलो. आत पिस्तुलाचं अख्खं कुटुंब झोपलं होतं! मधोमध एक धातूचा गाभा, घोडा आणि स्प्रिंगा सगळं त्यातच. तो गाभा काढायचा आणि लहान, मध्यम, मोठी, हव्या त्या मुठीत बसवायचा. वरचं सरकतं झाकणही दोन प्रकारचं, लांब आणि आखूड. नळ्याही दोन. एकीवर नऊ मिलिमीटर कोरलेलं, दुसरीवर पॉइंट फॉर्टी-फाइव्ह.

"म्हणजे दोन वेगळ्या मापांच्या गोळ्या लागतात?" मी विचारलं.

"नाही. खेळण्यात गोळी एकच, साध्या प्लॅस्टिकची. आकडा नुसता कोरलेला आहे." मग जरा थांबून ते हळूच म्हणाले, "पण फॉर्टी-फाइव्हची नळी लावली की माणूस वेगळा होतो."

ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं एक्सेलच्या पलीकडे ओळखत नव्हतो, तो माझ्यासमोर असा उलगडला. मी भारावून गेलो. त्याच भारावलेल्या अवस्थेत घरी आलो आणि पेटी उघडून बसलो.

"तू ते खोलतोयस?" माझी बायको मुग्धा स्वयंपाकघरातून म्हणाली. "चपलांचं कपाट जोडताना तीन स्क्रू उरले होते तुझ्याकडे."

"हे मॉड्युलर आहे गं. मी दिवसभर तेच करतो. मॉड्यूल सुटे करतो, परत जोडतो."

"आणि परत जोडलेलं चालतं?"

(हा प्रश्न तिला ऑफिसातल्या कुणीतरी पुरवला असावा, असा माझा संशय आहे.)

सुटं करणं अप्रतिम झालं. एक खटका दाबला की टक्, एक भाग हातात. दुसरा खटका, पुन्हा टक्. कुठे जोर लावायला नको, कुठे हिसका द्यायला नको. माणसाने असं काही बनवावं आणि ते खेळणं म्हणून विकावं, याचंच मला नवल वाटत होतं. त्या नवलाच्या भरात मी जे जे सुटं होतं ते सगळं सुटं केलं, आणि जे होत नव्हतं तेही केलं. मग जोडायला घेतलं. लांब झाकण आखूड मुठीवर चढवलं, ते मध्येच अडकलं. ओढून काढलं, तेव्हा एक स्प्रिंग उडून पडद्यावर जाऊन बसली. शनिवारभर हाच कार्यक्रम चालला. रविवारी सकाळी हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मोरिता-सानांचा जीव की प्राण पसरलेला होता आणि समोर मी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलो होतो. माझ्या कराराच्या नूतनीकरणावर शिक्का मारणारे मोरिता-सानच, हे मला तेव्हा पहिल्यांदा आठवलं.

त्यात रविवारी खंडेनवमी. आई नवरात्रासाठी पुण्याहून आमच्याकडे टोकियोतल्या एदोगावाला आलेली. तिने माझा लॅपटॉप, मुग्धाची सायकल आणि मिक्सर अशी शस्त्रं आधीच हेरून ठेवली होती. वर्तमानपत्राकडे लक्ष गेलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"अरे, खरं शस्त्र घरात असताना मी मिक्सर पुजत बसले होते?"

"आई, ते साहेबांचं आहे. हात लावू नकोस."

"हात कुठे लावतेय? हळद-कुंकू लावतेय."

तिने एकूण एक भाग पाटावर मांडला. झेंडू मिळाला नव्हता, म्हणून सुपरमार्केटातून शेवंतीच्या जुड्या आणल्या होत्या. गाभ्याला कुंकू, तिन्ही मुठींना कुंकू, दोन्ही नळ्यांच्या तोंडाला कुंकू, वर अक्षता आणि फुलं. मी थोडा वेळ चिंता विसरून बघत राहिलो. तिच्या चेहऱ्यावर अशी काही श्रद्धा होती की ते प्लॅस्टिक आहे हे सांगायची मला लाज वाटली. शेवटी तिने मुग्धालाही कुंकू लावलं, तेव्हा मीही कपाळ पुढे केलं.

"मागे हो," आई म्हणाली. "आज उपयोगाच्या वस्तूंची पूजा असते."

सोमवारी संध्याकाळी मी कामावरून येऊन भाग मोजले. फॉर्टी-फाइव्हची नळी नव्हती! सोफ्याखाली नाही, तांदळाच्या डब्यात नाही, चपलांच्या कपाटात नाही. (त्या तीन स्क्रूंपैकी एक मात्र सापडला.)

"कशी दिसते रे ती?" आईने आपुलकीने विचारलं.

"आई, तू तिला कुंकू लावलंस!"

"मी सगळ्यांनाच लावलं. मला काय माहीत कोणती कोण?"

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात तरुण पोलीस आणि त्याच्याशेजारी खालच्या मजल्यावरच्या ओनो-सान. या सत्तरी ओलांडलेल्या बाई इमारतीपुढची फुलझाडं स्वतःच्या नातवंडांसारखी जपतात. पोलिसाच्या पांढऱ्या हातमोज्यात एक पारदर्शक पिशवी होती, आणि पिशवीत फॉर्टी-फाइव्ह. ओल्या मातीत कुंकू उतरल्यामुळे ती नखशिखांत लालभडक झाली होती.

ओनो-सानांनी पुढे होऊन एक वस्तू मुग्धाच्या हातात दिली. कागदात नीट गुंडाळलेलं, घासून लख्ख केलेलं आमचं उलथणं.

मग उलगडा झाला. पाटावरची शिळी फुलं उचलताना नळी त्यांत दडून निर्माल्यात गेली होती. मुग्धाने आईला फ्रिजवरचा कचऱ्याचा तक्ता समजावून सांगितलेला. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे. त्यात निर्माल्याला रकाना नव्हता, आणि देवाची फुलं कचऱ्यात टाकायला आई काही तयार नव्हती. मातीतलं मातीत, म्हणून तिने सोमवारी दुपारी उलथण्याने खड्डा करून निर्माल्य ओनो-सानांच्या अझेलियाच्या झुडपाखाली पुरलं, आणि घाईत उलथणं तिथेच विसरली. असं उलथणं अख्ख्या इमारतीत फक्त आमचंच असणार, हे ओनो-सानांनी ओळखलं होतं.

"हे रक्त आहे का?" पोलिसाने अतिशय अदबीने विचारलं.

मुग्धाने भाषांतर केलं. (जपानी तिचं पक्कं आहे. माझं मीटिंगपुरतं, तेही मीटिंग इंग्रजीत असली तर.)

"रक्त कसलं? त्याला सांग, कुंकू आहे. मंडईतून आणलंय, चांगल्यातलं," आई म्हणाली.

"उरलेलं पिस्तूल कुठे आहे?"

मी हॉलकडे बोट दाखवलं. पोलिसाने आत येण्याआधी बूट काढले आणि त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवले. माझ्या घरात शस्त्र आहे असा त्याचा संशय, आणि तरी आधी बूट! मी मनातल्या मनात या देशाला हात जोडले. आत येऊन त्याने पाटाकडे पाहिलं. रविवारचे कुंकवाचे डाग अजून तसेच होते, आणि दसरा झाला तरी आई रोज ताजी शेवंती वाहत होती.

"हे खेळणं आहे," मी म्हणालो.

"तसं दिसतंय. पण कुणाचं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी मोरिता-सानांना फोन लावला. ते पिस्तुलाच्या खरेदीची पावती घेऊन ऑफिसातून थेट आले. दारात त्यांनी पोलीस पाहिला, ओनो-सान पाहिल्या, मग पाट पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. ते सावकाश खाली गुडघ्यांवर बसले.

"केतन-सान," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे गेलं का?"

मला काहीच कळेना. मुग्धा माझ्या कानात म्हणाली, "अरे, इथे शेवंती मयताला वाहतात!"

उत्तर दिलं ते आईने, आणि तेही मराठीत. मुग्धा मागोमाग सांगत गेली.

"त्यांना म्हणावं, गेलं नाही हो काही. ज्या वस्तू आपल्यासाठी राबतात, त्यांना वर्षातून एकदा आम्ही नमस्कार करतो. तुमचं पिस्तूल आमच्या घरी पाहुणं आलं होतं. पाहुण्याला वगळून पूजा कशी करायची?"

मोरिता-सान ऐकत होते. मी माझ्या नसलेल्या नोकरीचं चित्र डोळ्यांपुढे आणत होतो. मग ते आईकडे वळले आणि कपाळ चटईला टेकेल इतके वाकले.

"माझी आजी शिवणकाम करायची," ते म्हणाले. "मोडलेल्या सुया ती देवळात नेऊन मऊ तोफूमध्ये टोचून ठेवायची. आयुष्यभर कडक कापडात राबल्या, आता त्यांना जरा मऊ लागू दे, म्हणायची. ती गेल्यावर माझ्या कुठल्या वस्तूचे कुणी आभार मानले नव्हते."

ओनो-सानांनी डोळ्यांना रुमाल लावला. मला तर आई आणि मोरिता-सान या दोघांसमोर लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते फार छान वाटलं.

मग मोरिता-सानांनी बाह्या सरसावल्या. गाभा उचलला, मधल्या मुठीत घातला, टक्. पोलिसाकडून पिशवी मागून फॉर्टी-फाइव्हची नळी झाकणात बसवली, झाकण सरकवलं, टक् टक्. माझा शनिवार ज्यात बुडाला होता ते काम आईने त्यांच्यासाठी चहा टाकेपर्यंत झालं होतं. पोलिसाच्या तोंडूनही "ओऽऽ" निघालं. मी कुंकू पुसायला रुमाल पुढे केला, तर मोरिता-सानांनी हात आडवा धरला.

"पुसायचं नाही."

पोलिसाने जाताना आईला गंभीरपणे समजावलं की फुलं जळणाऱ्या कचऱ्यात जातात आणि नळी न जळणाऱ्या. आईनेही तितक्याच गंभीरपणे मान डोलावली आणि काही ऐकलं नाही. ते ओळखूनच बहुधा ओनो-सानांनी अझेलियाशेजारचा एक कोपरा आईच्या निर्माल्यासाठी मोकळा करून दिला. अट एकच, पुरण्याआधी त्यांना दाखवायचं.

शनिवारी सहल झाली. माझ्या कराराला धोका नव्हता हे मला तोवर कळलं होतं, पण मला सरावासाठी पुन्हा काही द्यायला मोरिता-सान तयार नव्हते. मला भाड्याची बंदूक मिळाली, जिचा एकही भाग निघत नव्हता. आम्ही समोरासमोरच्या गटांत होतो. शिट्टी वाजली, मी एका पिंपामागे सुरक्षित लपलो आणि शत्रू कुठे आहे हे पाहायला जरा डोकं वर काढलं. पलीकडे झाडपाला हलला. फॉर्टी-फाइव्ह लावल्यावर माणूस वेगळा होतो, हे खरंच आहे. अख्ख्या मैदानात पहिला बाद झालो तो मी!

गोळ्यांपासून चेहरा वाचवायला घातलेला मुखवटा काढून पाहिला, तर त्याच्या कपाळावर बरोबर मधोमध लाल ठिपका. नळीच्या तोंडाशी राहिलेलं कुंकू गोळीने येताना सोबत आणलं होतं. मोरिता-सान धावत आले, ठिपका पाहून त्यांनी पिस्तुलाला वाकून नमस्कार केला आणि मग आठवण झाल्यावर मलाही केला. मी त्या मुखवट्याचा फोटो काढून आईला पाठवला. खाली लिहिलं, "बघ, खंडेनवमीला तू लावलं नाहीस, ते शेवटी लागलंच."

आईचं उत्तर लगेच आलं. "चला! नेम धरायला तरी उपयोगी पडलास."