अक्कांनी निवडलेलं घड्याळ

सुमित्राअक्का माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायच्या, आधी मनगटाकडे. आम्ही पुण्याहून जे. पी. नगरला राहायला आलो, त्या दिवशी शेजारचं दार उघडून त्या मला म्हणाल्या, "पाच मिनिटं मागं आहे तुझं घड्याळ. ये, कॉफी घे." इथल्याच एका घड्याळांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बारीक चिमट्याने सुटे भाग बसवले होते. घराणं कैक पिढ्यांपासून इथलंच. त्यामुळे मराठी बोलतानाही 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' असं कानडी सहज यायचं.

एका संध्याकाळी माझा नवरा मंदार त्यांचा मिक्सर दुरुस्त करत होता. त्यासाठी त्याने बाह्या वर सरकवल्या. अक्कांनी मला जवळ बोलावलं. "त्याचा हात बघितलीस का तू?"

मी बघितला नव्हता. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मी दिलेल्या स्टीलच्या घड्याळाखाली कातडी लाल होऊन सोलवटली होती. वर्षभर तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत होता, ते याचसाठी. "तू इतक्या हौसेने आणलं होतंस," एवढंच तो म्हणाला. मला रडू आलं.

अक्का त्याला शांतपणे म्हणाल्या, "बायकोला खरं सांगायचं रे. ती दुसरं आणते. सरी, उद्या दुकानात जाऊ."

जयनगरच्या दुकानात एका सिरॅमिकच्या घड्याळावर माझा जीव जडला. काळंभोर, नाण्यासारखं पातळ, कफाखाली अलगद सरकणारं. याहून पातळ आमच्याकडे नाही, आणि सिरॅमिकने कातडीला त्रास होत नाही, असं विक्रेता म्हणाला. मी कार्ड काढलं.

"स्वल्प थांब." अक्कांनी घड्याळ उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मागचं झाकण नखाने ठोकून पाहिलं. मग पट्ट्याचं बक्कल. "तोंड सिरॅमिकचं, पाठ स्टीलची. कातडीला लागते ती पाठ. लोक तोंड बघून घेतात."

पुढचा तासभर त्या हटल्या नाहीत. शेवटी पाठ आणि बक्कलही सिरॅमिकचं असलेलं एक सापडलं. पहिल्यापेक्षा केसभर जाड. ते मंदारच्या हाताला बांधून त्यांनी त्याला कफाचं बटण लावायला लावलं, पिशवी उचलायला लावली, विक्रेत्याशी हात मिळवायला लावला. "ओरखडा उठत नाही याला, पण फरशीवर पडलं तर टवका उडतो. सांभाळ."

"अक्का, इथेच कामाला या," विक्रेता म्हणाला.

"ते झालं माझं करून."

महिन्याभरात मंदारचा हात बरा झाला.

मागच्या वर्षी अक्का म्हैसूरला लेकीकडे राहायला गेल्या. तिथे मजेत आहेत. परवा मंदार मुकाट्याने आमटी-भात जेवत होता. मी विचारलं, "कशी झालीय आमटी?"

त्याने हातातला घास खाली ठेवला. "खारट," म्हणाला.

मी उठून आमटीत पाणी घातलं, पुन्हा उकळी आणली आणि त्याला आणखी एक वाटी वाढली.