कुपवाडचं हायड्रोजन मशीन

वर्कशॉप बंद झालं की मशिनी विकता येतात, किस्से कोण घेत नाही. ते माझ्याकडंच साठलेत. चहाला जुनी माणसं भेटली की एकातून दुसरा निघतो.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप. साखर कारखान्यांच्या पंपांचे भाग करायचो. ड्रॉइंग आणि कागदपत्रं माझ्याकडं. मालक अण्णा, सांगलीचे जैन, बोलायला मऊ. हायड्रोजनची यंत्रं देशातच बनवणाऱ्यांना सरकार मदत करणार, असं जाहीर झालं, आणि अण्णा पेपर घेऊनच शॉपवर आले.

"आपण इलेक्ट्रोलायझर करायचा! पाण्यात वीज सोडली की पाणी फुटतं, हायड्रोजन निघतो!"

आमचा वेल्डर बिरू दुष्काळी जतचा. पाण्यावाचून घरची मेंढरं विकलेली. तो म्हणाला, "पाणी फोडायचं मशीन जमंल वो अण्णा. पण आमच्याकडं फोडायला पाणी कोण धाडतंय?"

सगळे हसले. बिरू हसला नाही.

*

साताऱ्याला योजनेची माहिती द्यायला बैठक होती. अण्णा आणि मी गेलो. पडद्यावर हिरवी पानं, हिरवे बाण. अण्णांनी उठून विचारलं, आम्हाला अर्ज करता येईल का?

"आधीचा अनुभव किती?" साहेब म्हणाले.

"हे पहिलंच मशीन."

"मग तुम्ही नियमात बसत नाही. आधी विकलेली मशिनं दाखवावी लागतील."

अण्णांनी हात जोडले. "साहेब, पहिलं लेकरू व्हायच्या आधी थोरल्याचा दाखला कुठनं आणू?"

हॉल हसला, साहेबही हसले. येताना एसटीत अण्णा सांगलीपर्यंत योजनेचं पत्रक उलटसुलट वाचत होते.

*

तरी एक मशीन करायला घेतलंच. ते दाखवून पुन्हा अर्ज करायचा म्हणून मी फॉर्म भरत होतो. यंत्रात देशी माल किती टक्के? मेम्ब्रेन, म्हणजे गॅस वेगळे ठेवणारा पडदा, बाहेरची, निकेलची जाळी बाहेरची, सेन्सर बाहेरचे.

आष्ट्याचे मारुतीतात्या, लेथवरचे आमचे सगळ्यात जुने टर्नर, मागं येऊन उभे. "मग आपलं काय रं त्यात?"

"टर्निंग, वेल्डिंग आणि घाम, तात्या."

"मग घामाचं परसेंटेज लिव्ह की!"

तसा रकाना नव्हता.

*

ट्रायलच्या दिवशी हायड्रोजन निघाला! अण्णांनी पेढे आणलेले. तेवढ्यात एका जोडातून गॅस गळला आणि पेटला. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. जोड आवळायला बिरूनं सरळ हात घातला.

मिरजेच्या दवाखान्यात अण्णा त्याच्या खाटेशेजारी मान खाली घालून बसले. बिरूनं बँडेजचा हात वर केला.

"अण्णा, गॅस एक नंबर निघालाय बरं का!"

अण्णा उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

*

आमचं मशीन कुणी घेतलं नाही. शेवटी एका मोठ्या कंपनीनं काम दिलं. परदेशातनं खोक्यांत आलेलं अख्खं यंत्र आमच्या लोखंडी फ्रेमवर बसवायचं, आणि वर पितळी पाटी ठोकायची: 'भारतात निर्मित'.

तात्यांनी पाटी रिव्हेट केली. अण्णांनी खिशातला चष्मा काढून लावला आणि पाटी सरळ आहे का बघायला लेव्हल धरली.

"तात्या, जरा डावीकडं झुकलीय. काढा."

"आवं अण्णा, कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं."