म्हशींचा स्वभाव आणि माझी छत्री

एम.एस्सी.ला असताना सरांनी मला वाडीतल्या म्हशींचे स्वभाव नोंदवायला पाठवलं. प्रत्येक म्हशीसमोर अचानक छत्री उघडायची आणि ती किती पावलं मागं सरते ते वहीत लिहायचं. पहिल्याच म्हशीनं छत्रीकडे पाहून जोरात फुस्कारा सोडला. गोठ्याची मालकीण शेण उचलता उचलता थांबली.

“काहून गा, तिच्या तोंडापुढं छत्री उघडून राहिला?”

“मावशी, ती भित्री आहे का ते बघतोय.”

“ते तं जागची हालली नाही. तूच चार पावलं मागं गेला. तेच लिही.”

मी तसंच लिहिलं. सरांनी वही वाचली, जराही न हसता म्हशींच्या यादीत माझं नाव घातलं आणि पुढं ‘भित्रा’ असं लिहिलं.